टेलर मास्तरांचा स्विंग

गोल्फच्या मैदानाचं फाटक आणि टेलर मास्तरांचं दुकान यांच्यामध्ये फक्त एक रस्ता होता. पण एकतीस वर्षांत मास्तरांनी तो एकदाही ओलांडला नव्हता. मोठी माणसं तिथे लहान चेंडूवर राग काढायला जातात, एवढीच त्यांची गोल्फबद्दलची माहिती, आणि तेवढी त्यांना पुरत होती.

दुकान म्हणजे एक अरुंद गाळा. पुढे कापायचं टेबल, मागे दोन मशीनं, भिंतीला पुरुषभर उंचीचा आरसा आणि कोपऱ्यात पडदा लावून केलेली कपडे बदलायची जागा. तिच्यात जरा जाड माणूस शिरला की पडद्याला कोपरं फुटायची. एका मशीनवर मास्तर बसत, दुसऱ्यावर त्यांची बायको. काजं, बटणं, हातशिलाई आणि नवऱ्याला वेळच्या वेळी जमिनीवर आणणं ही खाती तिच्याकडे होती.

मास्तर अंगानं किडकिडीत, मशीनवर वाकून वाकून पाठीला बाक आलेला. पण नजर अशी की गिऱ्हाईक दारातून आत येऊन खुर्चीत टेकेपर्यंत त्याचं माप घेऊन झालेलं असे. टेप लावायचा तो केवळ त्याच्या समाधानासाठी. कुणाचा डावा खांदा अर्धा इंच खाली आहे, कोण खिशात जड किल्ल्या घेऊन फिरतो, कोण पोट आत ओढून उभा आहे, सगळं त्यांना दिसायचं. पोट ओढणाऱ्याला ते इकडच्या तिकडच्या गप्पांत गुंतवत आणि त्यानं श्वास सोडला रे सोडला की टेप आवळत.

एका मंगळवारी सकाळी दातांचे एक डॉक्टर पाठीवर काठ्यांची भलीमोठी पिशवी घेऊन मैदानाच्या फाटकापाशी आले. गावात नवीनच होते. त्यांनी वॉचमनला विचारलं, "शिकवणारे मास्तर कुठे भेटतील?"

आत शिकवायला एक बाई होत्या, त्यांना सगळे कोचबाई म्हणत. वॉचमनला मास्तर नावाचा माणूस एकच माहीत. त्यानं हनुवटीनं समोरचं दुकान दाखवलं.

डॉक्टर दुकानात शिरले. मोठा आरसा बघून त्यांना वाटलं, शिकवायची पद्धत आधुनिक दिसते.

"मास्तर तुम्हीच ना?"

"मीच. या, काय करायचंय?"

"सगळंच बिघडलंय हो. उजवीकडे जातं."

मास्तरांनी त्यांच्या शर्टाकडे बघितलं. बटणपट्टी खरंच उजवीकडे जात होती. "दिसतंय मला," ते म्हणाले.

डॉक्टर भारावून गेले. अजून चेंडू काढलाही नाही आणि या माणसाला दिसलं! मास्तरांनी टेप काढला. खांदा, बाही, छाती, पाठ. डॉक्टर आज्ञाधारकपणे हात वर करून उभे.

"ही मापं क्लबसाठीच ना?" त्यांनी विचारलं. गोल्फच्या काठीलाही क्लबच म्हणतात, हे मास्तरांच्या गावी नव्हतं.

"मग! क्लबचं म्हणजे अगदी अंगाबरोबर नको. हात मोकळा फिरला पाहिजे."

"नेमकं बोललात. माझा हातच मोकळा फिरत नाही."

मास्तरांच्या बायकोचं मशीन थांबलं. तिसऱ्या वाक्यालाच तिच्या लक्षात सगळा घोळ आला होता. पण पुष्कळ दिवसांत दुकानात काही करमणूक झाली नव्हती, म्हणून ती गप्प बसली.

"तुम्ही तिथे काय करता ते करून दाखवा बरं," मास्तर म्हणाले. शिवण कुठे ओढली जाते ते त्यांना बघायचं होतं.

डॉक्टरांनी पिशवीतली सगळ्यात लांब काठी काढली, पाय फाकवले आणि आरशासमोर जीव खाऊन फिरवली. दांडीला टांगलेले तीन तयार कोट खाली आले. मास्तरांचं तिकडे लक्षच नव्हतं, ते शर्ट बघत होते. "आता आखूड काठी घ्या," ते म्हणाले. डॉक्टरांनी आखूड काठी घेतली. मग मधली. मग पुन्हा लांब.

"गंमत आहे," मास्तर म्हणाले. "लांब काठी उचलली की तुमचा खांदा कानाला भेटायला जातो आणि शर्ट पँटीतून बाहेर येतो. आखूड घेतली की सगळं जागच्या जागी. असं का?"

"लांब काठीनं लांब मारायचं असतं ना. म्हणजे जोर नको लावायला?"

मास्तरांनी टेबलावरच्या तीन कात्र्या पुढे ओढल्या. एक कोटाच्या जाड कापडाची, हातभर लांब. एक रोजची. एक काजं कापायची, बोटाएवढी. "ही मोठी आहे म्हणून मी जोर लावला तर कापड फाटेल. मोठी कशासाठी, तर लांब रेघ एका दमात जावी म्हणून. जोर तिघींना सारखाच. हात किती फिरतो, एवढाच फरक. आणि हे डावं कोपर तुमचं पळतं, त्याला बांधून ठेवायला पाहिजे."

असं म्हणून त्यांनी डॉक्टरांच्या पाठीवर खडूनं एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत रेघ ओढली, आणि डावी बाही काखेखाली शर्टाला कच्च्या धाग्यानं दोन टाके घालून टाचली. "धागा तुटला की समजायचं, कोपर पळालं."

डॉक्टर हात जोडून, आभार मानून, रस्ता ओलांडून गेले. मास्तर वहीत मापं लिहायला बसले. "कापडाचं काहीच बोलले नाहीत," ते म्हणाले.

"ते शर्ट शिवायला आलेच नव्हते," बायको म्हणाली.

"मग माप कशाला दिलं?"

"तुम्ही घेतलंत म्हणून."

चौथ्या दिवशी डॉक्टर परत आले. बाहीतला धागा शाबूत होता, चेहरा फुलला होता आणि बरोबर दोन मित्र होते. चेंडू सरळ जायला लागला होता! मास्तरांनी जीव तोडून सांगितलं, की बाबांनो, मी शिंपी आहे, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. दोघा मित्रांनी एकमेकांकडे बघून मान डोलावली. एवढा मोठा माणूस आणि किती विनय!

दोन महिन्यांत मास्तरांचं दुकान गोल्फची शाळा झालं. सकाळी मैदानावर पाहावं तर निम्म्या लोकांच्या पाठीवर खडूच्या रेघा. कुणाची बाही टाचलेली, कुणाची पँट गुडघ्यापाशी टाचलेली. मध्येच 'टक्' आवाज आला की माणूस कपाळावर हात मारून म्हणायचा, "तुटला!" मास्तरही हळूहळू रंगात आले. ड्रायव्हर या लांब काठीला पाय कसे रुंद हवेत, वेज या आखूड काठीला कसे जवळ, हिरवळीवर चेंडू भोकात ढकलायच्या पटरला मनगट कसं मुळीच हलायला नको, हे ते न खेळलेल्या खेळाबद्दल ठासून सांगू लागले. कापडाकडे बघून बोलत तोवर ते बरोबर असत. पण स्तुतीनं माणूस सैलावतो. एके दिवशी कुणीतरी विचारलं, आयर्ननं, म्हणजे मधल्या लोखंडी काठीनं, मारताना गवत उपटलं जातं, काय करू? मास्तर म्हणाले, "गवताला मुळीच शिवायचं नाही. टाचणी लावताना आपण खालचं टेबल टोचतो का?"

हे मात्र साफ चूक होतं. पण मास्तरांचा शब्द म्हणजे शब्द. आठवड्याभरात मैदानावरचे सगळे आयर्न चेंडूच्या डोक्यावर बसू लागले आणि चेंडू घाबरलेल्या उंदरासारखे जमिनीवरून सरपटू लागले.

त्या शनिवारी दुकानाचं दार धाडकन उघडलं. दारात कोचबाई. उंच, पन्नाशीच्या, अंगात निळं जॅकेट, आणि आवाज असा की शेजारचा चष्मेवाला बाहेर येऊन बघू लागला.

"गवताला शिवू नका हे कुणी सांगितलं?"

"मी," मास्तर म्हणाले. "गवत खराब होतं."

"आयर्ननं आधी चेंडू घ्यायचा आणि मग गवत! वीस वर्षं घसा फोडून हे शिकवतेय मी. तुम्ही आयुष्यात एक तरी चेंडू मारलाय?"

"नाही बाई."

"मग उद्या सकाळी या. सगळ्यांसमोर चार काठ्या, प्रत्येकीनं चेंडू मारून दाखवा. ड्रायव्हर, सात नंबरचा आयर्न, वेज, पटर. नाहीतर हा खडू बंद आणि तो आरसाही!" त्यांनी डाव्या हातानं उजवीकडच्या आरशाकडे बोट केलं.

मास्तर मोठ्या मनानं खडू बंद करायच्या बेतात होते. तेवढ्यात बायको म्हणाली, "येतील की. रविवारी दुकान बंदच असतं."

कोचबाई गेल्यावर मास्तरांनी बायकोकडे दुखावलेल्या नजरेनं बघितलं. ती सुईत दोरा ओवत म्हणाली, "दोन महिने घरात बोलता बोलता माझाही खांदा धरून खाली दाबताय. एकदा काय तो निकाल लागू दे."

संध्याकाळी मास्तरांनी घरी मापायची लाकडी पट्टी घेऊन सराव केला. पहिल्याच फटक्यात दिव्याचं शेड गेलं. दुसरा फटका बायकोनं होऊ दिला नाही.

रविवारी सकाळी तीसेक माणसं जमली. मास्तर इस्त्रीची पँट आणि ठेवणीतला शर्ट घालून आले होते. गोल्फचं मैदान त्यांनी आतून पहिल्यांदाच पाहिलं. एवढं मोठं कापड आणि कुठे जोड नाही, असं त्यांच्या मनात आलं.

कोचबाईंनी आपला ड्रायव्हर त्यांच्या हाती दिला. मास्तरांनी पाय रुंद केले, खांदा खाली ठेवला, कोपर आवळलं. सगळं बरोबर केलं आणि काठी हवेतून फिरून परत जागेवर आली. जमिनीत रोवलेल्या खुंटीवर चेंडू होता तिथेच. दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदा चेंडू खाली पडला, पण तो वाऱ्यानं.

"आयर्न घ्या," कोचबाई म्हणाल्या.

आयर्ननं त्यांनी आधी गवत घेतलं, मग माती घेतली, आणि चेंडू घेतलाच नाही. ढेकूळ उडून डॉक्टरांच्या चष्म्यावर बसलं. वेजनं चेंडू सरळ वर गेला, सगळ्यांनी माना वर केल्या, आणि तो मास्तरांच्याच मागे येऊन पडला. राहता राहिला पटर. आता सगळे पुढे सरकले. एवढ्या सरळ हाताचा माणूस, चार पावलांवरच्या भोकात चेंडू घालेलच. मास्तरांनी श्वास रोखून मारलं. चेंडू भोकाच्या शेजारून गेला, हिरवळ ओलांडून गेला, उतारावरून गेला आणि वाळूच्या खड्ड्यात जाऊन दिसेनासा झाला.

आधी एक जण हसला, मग सगळेच. कुणीतरी हळूच पुढच्याच्या पाठीवरची खडूची रेघ पुसली. मास्तर पटर धरून उभे. कान लाल झालेले.

कोचबाई जिंकल्या होत्या. एवढ्यावर सगळं संपायला हवं होतं. पण डॉक्टरांना आपल्या गुरूची झालेली फजिती सहन होईना. ते चष्मा पुसत म्हणाले, "कोचबाई, आता तुम्हीच एकदा ड्रायव्हर मारून दाखवा. आम्ही शिकू तरी. सहा महिने झाले, तुम्ही मारलेला कुणी पाहिलाच नाही."

"हो हो, दाखवा!" सगळे म्हणाले.

कोचबाईंनी ड्रायव्हर उचलला आणि त्याच्याकडे बघत राहिल्या. बाकीच्यांना वाटलं, मन एकाग्र करतायत. मास्तरांना मात्र कालपासून एक गोष्ट दिसत होती. त्या निळ्या जॅकेटच्या डाव्या काखेत सुरकुत्यांचं जाळं होतं आणि उजव्या काखेत एकही सुरकुती नव्हती. जो हात वर जातो त्याच्या काखेत सुरकुती पडते. हा हात कित्येक महिने वर गेलेला नव्हता. काल दुकानात कोचबाईंनी उजवीकडचा आरसासुद्धा डाव्या हातानं दाखवला होता. आणि आत्ता त्यांचा चेहरा कागदासारखा झाला होता.

"थांबा!" मास्तर ओरडले. "माझं झालेलं नाही."

"अहो, चारही काठ्या झाल्या," कुणीतरी म्हणालं.

"ड्रायव्हरला ऊन डोळ्यांवर येत होतं. मला परत पाहिजे."

त्यांनी कोचबाईंच्या हातातून ड्रायव्हर जवळजवळ हिसकावून घेतला आणि सुरू झाले. एकदा गोल फिरून जमिनीवर बसले. एकदा चेंडूऐवजी त्याच्याखालची खुंटीच उडवली. लोक पोट धरून हसत होते, आणि मास्तर "थांबा, आता बघा" म्हणत पुन्हा उभे राहत होते. सहाव्या वेळी त्यांनी काठी डोक्यामागून अशी काही फिरवली की ती हातातून सुटली, गरगरत गेली आणि तळ्यात जाऊन डुबुक झाली.

मग काय विचारता! एक जण गवतावर आडवाच झाला. दोघे दाताळं घेऊन काठी काढायला धावले आणि त्यातला एक तळ्यात घसरला. त्याला काढेपर्यंत न्याहारीची वेळ झाली आणि ड्रायव्हर दाखवायचं कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. गर्दी पांगली.

घरी जाताना बायकोनं आधी त्यांच्या पँटीवरची माती झटकली. मग म्हणाली, "एकतीस वर्षांत तुमच्या हातून कधी कात्री निसटलेली मी पाहिली नाही."

"हाताला घाम आला होता," मास्तर म्हणाले.

"बरं," ती म्हणाली. त्या दिवशी तिनं त्यांना न मागता दोनदा चहा दिला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच कोचबाई पायरीवर उभ्या होत्या. हातात निळं जॅकेट. आवाज आज चष्मेवाल्यापर्यंत जाईल असा नव्हता.

"हे उजव्या काखेत तंग होतंय. जरा सैल करून द्या."

मास्तरांनी जॅकेट उलटं केलं, सुलटं केलं आणि परत दिलं. "जॅकेट तंग नाही, बाई. तुम्ही खांदा वाचवताय."

कोचबाई स्टुलावर बसल्या. "कधी कळलं?"

"शनिवारी. तुम्ही मला ओरडत होतात तेव्हा."

"मग काल सगळ्यांसमोर बोलला का नाहीत? तुमची एवढी शोभा झाली, माझीही झाली असती. फिट्टंफाट."

"गिऱ्हाईकाचं माप मोठ्यानं सांगायचं नसतं," मास्तर म्हणाले. "आमच्या धंद्यात ते बसत नाही."

मग कोचबाईंनी सांगितलं. सहा महिन्यांपासून खांदा धरला होता. केस विंचरतानासुद्धा जीव जायचा. जिला ड्रायव्हर उचलता येत नाही तिच्याकडे शिकायला कोण येणार, या भीतीनं त्या हाडांच्या डॉक्टरकडेही गेल्या नव्हत्या. शिष्यांना सांगायच्या, 'आधी आखूड काठ्यांचा पाया पक्का करा, लांबचं नंतर.' गंमत म्हणजे शिष्यांना ते तत्त्वज्ञान फार आवडलं होतं.

"डॉक्टरकडे जा," मास्तरांची बायको मशीनवरून म्हणाली. "आणि यांना काहीतरी शिकवा. परवा दिव्याच्या शेडचं वाईट वाटलं नाही इतकं यांच्या पाठीचं वाटलं. माणूस कमरेतून वळतच नाही. सगळा एका तुकड्यात फिरतो, कपाटासारखा."

कोचबाईंनी मास्तरांना उभं केलं आणि वर्षानुवर्षं ते लोकांकडे बघत तसं त्यांच्याकडे बघितलं. मास्तरांना एकदम पोट आत ओढावंसं वाटलं.

"हे खरंय," त्या म्हणाल्या. "तुम्ही एकतीस वर्षं दुसऱ्यांचे खांदे बघितलेत. स्वतःचा एकदाही फिरवला नाहीत. उद्या सहाला या."

तेव्हापासून मास्तर रोज सकाळी सहाला रस्ता ओलांडू लागले. पहिले तीन आठवडे चेंडूच नव्हता. काठी खांद्यांवर आडवी धरून नुसतं वळायचं. पाठीतून असे आवाज येत की पक्षी उडत. मग वेज आली, कमरेच्या वर हात न्यायचा नाही. मग आयर्न, आधी चेंडू मग गवत. हे गवताचं मास्तरांना फार जड गेलं. गवत उपटलं की ते खाली बसून तो तुकडा परत जागेवर नीट बसवायचे, कडेनं बोटं दाबत, ठिगळ लावल्यासारखा. कोचबाई वैतागायच्या. "तुम्ही खेळायला आलायत की रफू करायला?"

आपणच सांगितलेलं आपल्याला जमत नाही, हे मास्तरांना रोज नव्यानं कळत होतं. दुसऱ्याचा खांदा वर गेलेला पन्नास पावलांवरून दिसतो, स्वतःचा कानाला लागला तरी कळत नाही. शेवटी बायकोनंच त्यांच्या बाहीला कच्चा धागा घातला. त्या धाग्याचे टक् टक् आवाज ऐकून त्यांना आपल्या जुन्या गिऱ्हाइकांची मनापासून दया आली.

इकडे कोचबाई डॉक्टरकडे जाऊ लागल्या, गरम पाण्याचा शेक घेऊ लागल्या आणि एक दिवस त्यांनी शिष्यांना सरळ सांगून टाकलं, "माझा खांदा आखडलाय, ड्रायव्हर दिसायला वेळ लागेल." एकही शिष्य सोडून गेला नाही. उलट तिघांनी आपापले आखडलेले खांदे पुढे केले. नवा माणूस आला की त्या त्याला आधी रस्त्यापलीकडे पाठवत. "मास्तरांना शर्ट दाखवून या. काय दिसतंय ते तेवढं विचारा. काय करायचं ते मी सांगेन." मास्तर जे दिसे ते सांगत आणि तोंड मिटत. हे तोंड मिटणं त्यांना आयर्नपेक्षा अवघड गेलं.

आठव्या महिन्यात कोचबाईंचा हात खांद्याच्या वर गेला. त्या सकाळी त्यांनी अर्ध्या जोरानं एक ड्रायव्हर मारला आणि दुसरा मारला नाही. मास्तरांनी बघितलं, काखेत सुरकुती पडली होती. 

आणि त्यानंतर काही दिवसांनी ते झालं. कोचबाई हिरवळीवर कुणाला तरी पटर शिकवत होत्या. मास्तर एकटेच सात नंबरचा आयर्न घेऊन उभे होते, मनात कालच्या एका पँटीचा विचार चालू होता. कंबर अर्धा इंच सैल करावी की पाऊण? त्या नादात काठी मागे गेली, पाठ वळली, काठी पुढे आली. हाताला काही लागलंच नाही. म्हणजे लागलं, पण कात्री चांगल्या कापडातून जाते तसं. आधी चेंडू, मग गवत. मास्तरांनी वर बघितलं तर चेंडू आभाळात बारीक होत होता, आणि सरळ जात होता.

त्यांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. कुणीही पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात लांबवर, गवत कापायच्या गाडीवरचा माणूस गाडी बंद करून उभा राहिला. "ए! कुणी मारला हा? डोळे फुटलेत का? माझ्या कानाजवळून गेला!"

मास्तर काठी हातात घेऊन धावत सुटले. साठीला टेकलेला माणूस, धापा टाकत त्याच्यापाशी पोचला. "मी मारला. मी! चुकलं माझं, माफ करा. पण मला सांगा, कुठून गेला?"

"सांगितलं ना, कानाजवळून!"

"कोणत्या कानाजवळून?"

तो माणूस चक्रावला. "डाव्या."

"आणि कसा गेला? सरळ? की वळत वळत?"

"सरळ गेला हो! बंदुकीच्या गोळीसारखा! लाज नाही वाटत वर विचारायला?"

"वाटते, खूप वाटते," मास्तर म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "तुम्ही जरा माझ्याबरोबर हिरवळीपर्यंत येता का? हेच सगळं, अगदी असंच, तिथे एका बाईंसमोर ओरडायचंय."